उन्हाचा रेटा

अंतराळयानांची शर्यत म्हटली की एक ठरावीक मामला डोळ्यांपुढे उभा राहतो. चोरून बसवलेलं इंजिन, पैजा लावणारे गुंड, मागे पोलिसांचा ससेमिरा, जिवावर उदार झालेला कुणी मस्तवाल पोरगा आणि दर वळणावर कुणाच्या तरी यानाच्या चिंधड्या. ‘रेडलाइन’ हा २००९चा जपानी ॲनिमेशनपट याच जातीचा. तिथे तर ज्या ग्रहावर शर्यत ठरलेली असते, तिथलं सरकारच स्पर्धकांच्या मुळावर उठलेलं असतं. बंदी आणि वेग या दोन चाकांवर हा सगळा कथाप्रकार पळतो. वाचायला मजा येते, आणि पुस्तक मिटल्यावर यानाचा रंग तेवढा लक्षात राहतो.

आर्थर सी. क्लार्क यांची ‘द विंड फ्रॉम द सन’ ही दीर्घकथा या गाडीची दोन्ही चाकं काढून घेते आणि तरीही शर्यत लावून दाखवते. इथे बेकायदा काही नाही. पंच आहेत, नियमावली आहे, सुरुवातीची वेळ सेकंदावर ठरलेली आहे. आणि वेग? पहिल्या सेकंदात नौका पाच मिलिमीटर सरकते. यापेक्षा बरी गोगलगाय पुढे जाईल, हे कथानायक स्वतःच हसत सांगतो.

कथा मार्च १९६४मध्ये ‘बॉइज लाइफ’ या अमेरिकी बालवीरांच्या मासिकात ‘सनजॅमर’ या नावाने आली. त्याच सुमाराला पोल अँडरसन यांचीही याच नावाची कथा टोपणनावाने प्रसिद्ध झाली होती. पुढे क्लार्क यांनी आपलं शीर्षक बदललं आणि १९७२च्या संग्रहालाही तेच नवं नाव दिलं. मूळ वाचक शाळकरी मुलं होती, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कथेचा सूर, तिचा साधेपणा आणि तिच्यातला मास्तरपणा, तिन्ही तिथून आलेले आहेत.

गोष्ट थोडक्यात अशी. सात नौका पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून निघून चंद्राकडे जाणार आहेत. इंजिन कुणालाच नाही. प्रत्येकीला अवाढव्य शीड आहे आणि त्या शिडावर पडणारं ऊन हाच वारा. जॉन मर्टन हा मुळात नौका रचणारा माणूस. ‘डायाना’ ही त्याची नौका, आणि तिच्यात तो एकटा. बाकीच्यांची नावं ‘गॉसमर’, ‘सांता मारिया’, ‘सनबीम’, ‘वूमेरा’, ‘अ‍ॅरॅक्नी’ आणि रशियनांची ‘लेबेडेव्ह’. कुणाचं शीड फाटतं, कुणाचे दोर गुंततात, एकेक नौका बाद होत जाते आणि शेवटी खरी चुरस मर्टन आणि ‘लेबेडेव्ह’चा कप्तान मार्कोफ यांच्यात उरते. मग सूर्यावर ज्वाला उसळते आणि शर्यत सोडून द्यावी लागते. कुणीच जिंकत नाही.

एवढ्या कथानकात रस कुठे आहे? माझ्या मते तो आकड्यांत आहे. हे वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. विज्ञानकथेत आकडे म्हणजे औषधातली कडवट पूड, ती गोष्टीच्या मधातून चाटवायची, अशी आपल्याकडची रीत. ‘विज्ञान जास्त, कथा कमी’ हा शेरा मराठी समीक्षेने विज्ञानकथेवर इतक्यांदा मारला आहे की त्याचा शिक्काच करून ठेवायला हरकत नाही. क्लार्क यांची ही कथा त्या शेऱ्याला पुरून उरते, कारण इथे आकडा काढला तर गोष्टच शिल्लक राहत नाही.

मर्टन श्रोत्यांना समजावून सांगतो तो प्रसंग पाहा. तो म्हणतो, हात उन्हात धरा, काय जाणवतं? ऊब जाणवते. पण उबेसोबत तिथे दाबही असतो, इतका सूक्ष्म की जन्मभर उन्हात वावरूनही तो कुणाला कळत नाही. दोन्ही तळहातांवर मिळून तो भरतो औंसाचा जेमतेम दशलक्षावा भाग. पुढे मर्टन हिशेब मांडतो. गुरुत्वाच्या हजाराव्या हिश्शाइतकं त्वरण. पहिल्या सेकंदाची ती गोगलगाय. मिनिटभराने सुमारे अठरा मीटर. तासाभरात त्रेसष्ट-चौसष्ट किलोमीटर अंतर कापलेलं आणि वेग मोटारीपेक्षा जास्त. दिवस संपताना ताशी जवळजवळ तीन हजार किलोमीटर. मधे काहीही घडलेलं नाही. धक्का नाही, आवाज नाही, कुणी खटका ओढलेला नाही. ऊन पडत राहिलं, एवढंच.

हा परिच्छेद चांगल्या कीर्तनकाराच्या पूर्वरंगासारखा रचलेला आहे. आधी श्रोत्याच्या हातात काहीतरी द्यायचं, तेही अगदी त्याच्या रोजच्या अनुभवातलं; मग पायरी पायरीने त्याला अशा ठिकाणी नेऊन उभं करायचं की मागे वळून पाहिल्यावर त्याचाच विश्वास बसू नये. भरताने अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय सांगितला. इथला विस्मय राक्षस किंवा विमान पाहून होणारा नाही, गुणाकार करताना होणारा आहे. आणि तो वाचकाने स्वतः करायचा आहे.

मी तो करून पाहिला. डायानाचं शीड पाच कोटी चौरस फूट, म्हणजे साडेचारशे हेक्टरांहून मोठं. कथेत म्हटलंय की चीनच्या समुद्रात चहाची ने-आण करणाऱ्या सगळ्या गलबतांची शिडं एकत्र शिवली तरी याची बरोबरी होणार नाही. चकचकीत आरशासारख्या शिडावर पृथ्वीजवळच्या उन्हाचा दाब दर चौरस मीटरला नऊ मायक्रोन्यूटनच्या आसपास असतो. तेव्हा अख्ख्या शिडावर मिळून रेटा किती? साधारण बेचाळीस न्यूटन, म्हणजे आपल्या वजनाच्या भाषेत सव्वाचार किलो. आठवड्याच्या भाजीची पिशवी उचलताना हाताला लागतो तेवढा जोर, आणि तो साडेचारशे हेक्टरांवर पसरलेला. या जोरावर नौकेला हजाराव्या हिश्शाचं त्वरण मिळायचं तर तिचं सगळं मिळून वस्तुमान सव्वाचार टनांच्या पुढे जाता कामा नये: शीड, शंभर मैलांच्या आसपासचे दोर, माणूस, त्याची कोठडी, हवा, पाणी, सगळं त्यात आलं. म्हणूनच शीड इंचाचे काही दशलक्षांश इतकं पातळ आहे. क्लार्क यांनी हा सगळा हिशेब कथेत मांडलेला नाही, पण तो कथेखाली भक्कम उभा आहे. वाचक कुठेही टिचकी मारून पाहो, पोकळ आवाज येत नाही.

एकदा हे कळलं की कथेतल्या प्रत्येक बारीक हालचालीला वजन येतं. पृथ्वीभोवती फिरताना अर्ध्या फेरीत नौका सूर्यापासून दूर जात असते. तेव्हा ऊन तिला रेटतं. उरलेल्या अर्ध्या फेरीत ती सूर्याच्या दिशेने येते, तेव्हा तेच ऊन तिला अडवतं. अशा वेळी शीड उन्हाला कडेने धरायचं. म्हणजे एवढं थोरलं पातळ पान, ज्याला हिसका सोसवत नाही, ते हळूहळू वळवायचं आणि पुन्हा वेळेवर सरळ करायचं. घाई केली तर शिडात लाटा उठतात, लाटा वाढल्या तर दोर गुंततात, आणि दोर गुंतले की खेळ खलास. सुसाट पळणाऱ्या शर्यतीत चूक क्षणात होते आणि क्षणात फळ देते. इथे चूक सुरू झाल्यापासून तिचं फळ पदरात पडेपर्यंत बराच वेळ जातो, आणि तेवढा वेळ ती बघत बसावं लागतं. वेगाने येणाऱ्या संकटापेक्षा हळू येणारं संकट अधिक जीवघेणं असतं, हे ज्याने कधी निकालाची वाट पाहिली आहे त्याला सांगायला नको.

आणि मग सावली. या कथेतली सगळ्यात सुंदर कल्पना तीच. इथे प्रतिस्पर्ध्याला धडक द्यायची नसते, त्याच्यावर काही डागायचं नसतं. त्याच्या आणि सूर्याच्या मधे आपण जाऊन उभं राहायचं. आपली सावली त्याच्या शिडावर पडली की त्याचा वारा गेला. समुद्रातल्या शर्यतींतही वाऱ्याच्या अंगाने येऊन दुसऱ्याच्या शिडातलं वारं काढून घेतात. क्लार्क यांनी तो डाव जसाच्या तसा आकाशात नेला आहे, पण त्याची भूमिती बदलून. सूर्य हा बिंदू नसून थाळी आहे, त्यामुळे शिडाची गडद सावली निमुळती होत जाते. डायानाएवढ्या वाटोळ्या शिडाचा व्यास सुमारे अडीच किलोमीटर धरला, तर गडद सावली अडीचशे किलोमीटरवर संपते. त्याच्या पलीकडे नुसतं ऊन मंदावतं. म्हणजे डाव टाकायचा तर ठरावीक अंतरात, ठरावीक रेषेवर यावं लागणार, आणि समोरच्याला ते आधीपासून दिसणार. बुद्धिबळात हत्ती कुठून येतोय ते दिसत असतं, तसंच. लपवाछपवीला जागाच नाही. बेकायदा शर्यतीच्या कथा ज्या फसवणुकीवर जगतात, ती इथे शक्यच नाही. सगळे पत्ते उताणे ठेवून खेळायचं आणि तरी हरवायचं.

पृथ्वीच्या सावलीतून जाण्याचा भागही वाचण्यासारखा आहे. सगळ्या नौकांचा वारा तिथे एकदमच पडतो. आतापर्यंत एकमेकींवर सावल्या टाकणाऱ्या या होड्या एका मोठ्या सावलीत निमूट शिरतात. शर्यत चालू आहे आणि कुणीच काही करू शकत नाही, अशी अवस्था क्लार्क यांनी मोजक्या ओळींत पकडली आहे. तिथे उपमा नाहीत, विशेषणं नाहीत. मला वाटतं, त्यांच्या गद्याची खरी ताकद अशा ठिकाणी दिसते, जिथे इतर लेखकाने पानभर काव्य केलं असतं.

रशियन नौकेच्या नावाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण कथेत ते फारसं उलगडून सांगितलेलं नाही. प्रकाशाला दाब असतो हे मॅक्सवेल यांनी १८७३मध्ये समीकरणांतून मांडलं. तो प्रयोगशाळेत मोजून दाखवला मॉस्कोच्या प्योत्र लेबेडेव्ह यांनी, १९००च्या सुमारास. काचेच्या भांड्यातली हवा शक्य तितकी काढून टाकून, आत बारीक धाग्याला टांगलेल्या पातळ चकत्यांवर त्यांनी प्रकाशझोत सोडला आणि धाग्याला पडलेला पीळ मोजला. उरलीसुरली हवा तापून चकत्यांना ढकलते. तो परिणाम वेगळा काढणं हीच या प्रयोगातली खरी परीक्षा होती. मर्टनचा प्रतिस्पर्धी अशा माणसाचं नाव मिरवतो, ज्याच्यामुळे मर्टनचं शीड शक्य झालं. १९६४ साल म्हणजे अमेरिका आणि रशिया यांच्यातली चंद्राची चढाओढ ऐन भरात असण्याचा काळ. अमेरिकी बालवीरांच्या मासिकात इंग्रज लेखकाने रशियन शास्त्रज्ञाला केलेला हा नमस्कार मला फार आवडला. त्याचं भाषण केलेलं नाही, हे त्याहून.

मार्कोफचा डावही तसाच सभ्य आणि तसाच निर्दय. ‘लेबेडेव्ह’वर दोन माणसं आहेत. मोक्याच्या वेळी मार्कोफ आपल्या जोडीदाराला छोट्या कुपीतून नौकेबाहेर काढून देतो आणि तेवढं वजन कमी करतो. नियमात बसतं. जोडीदाराच्या जिवालाही धोका नाही. तरी वाचताना कसंनुसं होतं. दोन माणसं एकत्र इतका प्रवास करतात, त्यातला एक शेवटी केवळ किलोग्रॅममध्ये मोजला जातो. क्लार्क यावर भाष्य करत नाहीत, मर्टनला थोडंसं खटकू देतात आणि पुढे जातात. कायदा पाळून माणूस कुठवर जाऊ शकतो, याचं याहून नेमकं चित्र बेकायदा शर्यतीच्या कथेतही क्वचितच सापडेल.

या शर्यतीत नियम मोडतो तो फक्त सूर्य. ज्याच्या उन्हावर सगळा खेळ उभा आहे, त्याच्यावर ज्वाला उसळते आणि भारित कणांचा लोंढा निघतो. पातळ कोठडीतल्या माणसाला तो सोसणारा नाही. ही काही लेखकाने सोयीसाठी आणलेली आपत्ती नव्हे. ऑगस्ट १९७२मध्ये, अपोलो १६ परतल्यानंतर आणि अपोलो १७ निघण्याआधी, सूर्यावर खरोखरच असा प्रचंड उद्रेक झाला. त्या वेळी चंद्रावर माणसं असती तर त्यांच्यावर बिकट प्रसंग ओढवला असता. आज आपलं ‘आदित्य एल-१’ जानेवारी २०२४पासून सूर्याकडे नजर लावून बसलं आहे, ते असे उद्रेक समजून घेण्यासाठीही. मर्टनला इशारा मिळतो, शर्यत बंद झाल्याचं कळतं, आणि हातातोंडाशी आलेला घास जातो.

आता शेवट. मर्टन नौका सोडतो, पण शीड गुंडाळत नाही, मोडतही नाही. सुटका करणाऱ्या यानात चढण्याआधी तो डायानाला मोकळी करतो. माणसाचं ओझं उतरलेली ती नौका उन्हाच्या रेट्याने पुढे जात राहील, सूर्यमालेबाहेर पडेल, आणि ताऱ्यांच्या वाटेला लागलेलं माणसाच्या हातचं ते पहिलं गलबत ठरेल. पहिल्या वाचनात हा शेवट हळवा वाटतो. हरलेल्या नायकाला लेखकाने दिलेलं उत्तेजनार्थ बक्षीस, असंही कुणी म्हणेल.

पण पुन्हा हिशेबाकडे या. पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्य आपल्याला किती जोराने खेचतो? त्याच्या ओढीचं त्वरण दर सेकंदाला सेकंदी सहा मिलिमीटरच्या किंचित आत येतं. आणि डायानाचं त्वरण? गुरुत्वाचा हजारावा हिस्सा, म्हणजे जवळजवळ दहा मिलिमीटर. सूर्याची ओढ कमी, त्याच्या उन्हाचा रेटा जास्त! शिवाय अंतर वाढेल तशी दोन्ही बळं सारख्याच प्रमाणात घटतात, वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, त्यामुळे रेट्याची सरशी कधीच संपत नाही. म्हणजे सूर्याला तोंड देऊन उभी केलेली डायाना सूर्याकडे परत येऊच शकत नाही. माणूस उतरल्यावर तर नाहीच नाही. कथेचा शेवट पहिल्या काही पानांतच, त्या गोगलगाईच्या आकड्यात सांगून झालेला होता. मर्टन श्रोत्यांना चंद्राची शर्यत समजावत होता आणि त्याच आकड्यात ताऱ्यांचा प्रवास दडलेला होता. शर्यत हीच मुळात त्या नौकेवर घातलेली मर्यादा होती. हे ध्यानात आलं तेव्हा कथा मी परत पहिल्यापासून वाचली, आणि हळवेपणाचा आरोप मागे घेतला.

दोष आहेत. मर्टन सोडला तर माणसं नावापुरती आहेत, मार्कोफही आवाजापुरताच. बाई एकही नाही. १९६४च्या मुलांच्या मासिकात ते अपेक्षितच, पण आज खटकतं. काही नौका इतक्या भराभर बाद होतात की लेखकाला त्यांची अडगळ झाली असावी. संवाद सपक आहेत. व्यक्तिचित्रणासाठी कुणी क्लार्क वाचायला घेत असेल तर त्याने दुसरं दुकान पाहावं.

प्रत्यक्षात काय झालं तेही सांगतो. जपानच्या ‘इकारोस’ने २०१०मध्ये आंतरग्रहीय अवकाशात पहिल्यांदा उन्हाचं शीड चालवून दाखवलं. ते चौरस शीड बाजूला चौदा मीटर आणि साडेसात मायक्रॉन जाड होतं. डायानाच्या मानाने रुमाल, आणि तोही घोंगडीसारखा जाड. ‘लाइटसेल २’ने २०१९मध्ये बत्तीस चौरस मीटरच्या शिडावर पृथ्वीभोवतीची आपली कक्षा उन्हाने बदलून दाखवली. नासाने बाराशे चौरस मीटरच्या शिडाची एक मोहीम आखली होती आणि क्लार्क यांच्या कथेवरून तिचं नाव ‘सनजॅमर’ ठेवलं होतं. ती २०१४मध्ये रद्द झाली. सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागलेलं पहिलं यान ठरलं पायोनियर १०. ते मार्च १९७२मध्ये सुटलं, म्हणजे ज्या वर्षी कथासंग्रह आला त्याच वर्षी. त्याला शीड नव्हतं. आधी रॉकेट आणि मग गुरूच्या गुरुत्वाचा हिसका, यावर ते गेलं.

कथा तासाभरात वाचून होते आणि तिचं इंग्रजी सोपं आहे. घरात आठवी-नववीतलं कुणी असेल तर त्याच्या हातात ती द्या, आणि सोबत कागद-पेन्सिलही. गोगलगाईच्या परिच्छेदापाशी थांबून त्याला हिशेब करायला सांगा. पुढची पानं तो आपणहून उलटेल.